खालून लागेल

सगळ्यांनी एकच सांगितलं : खालून लागेल.
दिराने सांगितलं, चहात पाव बुडवता बुडवता.
पतसंस्थेतल्या उज्ज्वलाने, हप्त्याचे आकडे मांडता मांडता.
आणि ज्याला दाखवायला मी मुद्दाम लोटलीला गाडी नेली
तो मिंगेल मेकॅनिकही तिच्याखालून सरपटत बाहेर येत म्हणाला,
"बाय, इंजिन भांगराचं. पण सकयल्यान लागतली."

माझा हिशेब साधा होता.
फोंडा ते वेर्णा, जाऊन येऊन पन्नासेक किलोमीटर.
औषधाच्या कारखान्यात गोळ्यांची जाडी मोजायची नोकरी.
सहा लाखांच्या आत. डिकीत एक सिलिंडर
किंवा सोललेल्या नारळांचं पोतं मावलं की झालं.
स्कूटरवर तेरा वर्षं काढलेलं माणूस
एसी मागतं, फार तर मागचा कॅमेरा.
टर्बो कोण मागतं?

उंच गाड्या पाहिल्या. पाहिल्या म्हणजे, चढले त्यांत.
वरून सगळं दिसायचं,
लोकांच्या कुंपणापलीकडचे वाळत घातलेले परकरसुद्धा.
सेल्समन म्हणाला, मॅडम, रस्त्यावर हुकूमत वाटते.
हुकूमत मी दिवसभर बारा मुलींवर गाजवते,
संध्याकाळी घसा बसतो.
मला ती गाडीत नको होती.

ही नावेलीत सापडली.
निळी, चार वर्षांची, मागे इवलासा पंख, खंड्याच्या शेपटीएवढा.
पोरगा जहाजावर गेलेला.
गियरच्या दांड्यावरचं चामडं एकाच बाजूने झिजलेलं,
त्याच्या अंगठ्याखाली.
त्याची आई आकेलिना चावी देताना अडली थोडी.
"रोज सुरू करते मी. दहा मिनिटं.
चालवता येत नाही मला. नुसता आवाज."
भाव करायचं मी घरून ठरवून आले होते.
तिथे निम्माच केला.

बोरीच्या चढावर तिसरा टाकला
आणि पाठीला कुणीतरी तळहात लावला.
ढकललं नाही. नुसता लावला.
बेचाळीस वर्षांत माझ्या पाठीशी
इतक्या मुकाट्याने कुणी उभं राहिलेलं नाही,
आणि हे मी नवऱ्याला सांगितलं नाही,
त्याला सांगितलं, मायलेज अठरा.

प्रश्न उरला सासऱ्यांचा.
गुडघे गेलेले, दर गुरुवारी मडगावला डॉक्टर.
दुर्भाटच्या फेरीबोटीवर छत्तीस वर्षं
सुकाणू धरून उभे होते, त्याचीच ती देणगी.
दार उघडलं. एक हात छतावर, एक माझ्या खांद्यावर,
हळूहळू खाली, खाली, अजून खाली,
पाटावर बसावं तसे बसले.
मी म्हटलं, बाबा, फार खाली आहे ना?
ते समोर पाहत राहिले, काचेतून,
रस्ता जवळजवळ त्यांच्या हनुवटीला लागलेला.
"होडीसारखी आहे," म्हणाले.
"फेरीबोटीत नुसती वेळ कळते.
वेग कळायचा तर पाण्यालगत बसावं लागतं."
मग बराच वेळ खिडकीची काच वरखाली करत राहिले.
उतरवायला मात्र दिराला बोलवावं लागलं.

पहिला सोमवार.
फोंड्यातून निघाले ती शिरोड्याच्या बसमागे.
वीसचा वेग, धूर, दर थांब्यावर एक म्हातारी
आणि तिची मासळीची टोपली.
टर्बो म्हणे. मी दुसऱ्यातच होते,
पावलाखाली तो सगळा जोर
शाळेत उगाच गप्प बसवलेल्या पोरासारखा.
आणि देवळापुढच्या गतिरोधकावर,
अगदी हळू, अगदी तिरकी घेऊनसुद्धा,
खर्रर्र.

लागली.
मिंगेल आठवला, दीर आठवला, उज्ज्वला आठवली.
आरशात पाहिलं, कुणी पाहिलं का.
पाववाला पाहत होता, सायकल धरून, गंभीर चेहऱ्याने.

बोरीच्या फाट्यावर बस डावीकडे वळली.
समोर पूल, अख्खा, रिकामा,
खाली जुवारी, भरतीची.
कारखान्याचा भोंगा व्हायला अजून बावीस मिनिटं होती.
अंगठा त्या झिजलेल्या जागी नेमका बसला.